हॉस्पिटलात पेशंट शिफ्टिंगचं काम : नाशिकमध्ये करणाऱ्यांनी आणि करू पाहणाऱ्यांनी इथे लिहावं

मुंबईनाका

नोकरीच्या धाग्यावर मध्यंतरी दोघा-तिघांनी विचारलं होतं की हॉस्पिटलात पेशंट ट्रान्सपोर्टची जागा आहे, घ्यावी का. खाली उत्तरं काय, तर "स्ट्रेचर ढकलायचं काम आहे, शिक्षण लागत नाही, घेऊन टाक." ते वाचून राहवलं नाही. मी हेच काम करतो. सुरुवात एका छोट्या नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय म्हणून झाली, आता मोठ्या खासगी हॉस्पिटलात फक्त शिफ्टिंगवर आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनीही भर घालावी.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोडवरच्या दहा-वीस खाटांच्या हॉस्पिटलात वेगळी शिफ्टिंग टीम नसते. तिथे एकच मामा (वॉर्डबॉय) पेशंट हलवतो, सॅम्पल लॅबला पोचवतो, सिलेंडर बदलतो, मेडिकलवरून औषधं आणतो आणि लाइट गेली की जनरेटरकडेही तोच धावतो. सरकारी रुग्णालयात हेच पद कक्षसेवक म्हणून असतं, गट ड मध्ये. मोठ्या खासगी हॉस्पिटलात मात्र शिफ्टिंगची माणसं निराळी. फोनवर कॉल येतो : चौथा मजला, अमुक बेड, सीटी स्कॅनला न्यायचंय, ऑक्सिजन आहे.

सकाळी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची लिस्ट असते. डॉक्टरांचा राउंड झाला की एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी यांची रांग लागते. दुपारी डिस्चार्ज. रात्री कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), आणि त्यात मुंबई-आग्रा हायवेवरचे अपघात. पावसाळ्यात पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून साप चावलेले पेशंट येतात. त्यांच्याबाबतीत गेटपासून आयसीयूपर्यंतचं एकेक मिनिट मोलाचं असतं.

आता मुद्द्याचं. वॉर्डात पेशंटजवळ सिस्टर असते, आयसीयूत मॉनिटर असतो, सीटीत टेक्निशियन काचेतून बघत असतो. पण वॉर्डाच्या दारापासून सीटीच्या दारापर्यंतचा जो रस्ता, त्यात लिफ्ट आली, कॉरिडॉर आला, बाहेर नंबर लागेपर्यंतची ताटकळ आली, तेवढा वेळ पेशंटकडे बघणारा माणूस एकच, शिफ्टिंगवाला. पेशंटला काय झालंय हेच त्याला माहीत नसेल तर तो कशाकडे बघणार? माझं म्हणणं एवढंच आहे : या माणसाला हमाल समजून कामावर घेऊ नका. त्याला शिकवा, आणि दर पेशंटमागे त्याला दोन वाक्यं सांगा. हृदयाचा पेशंट आहे, दम लागला तर थांब. खुब्याचं हाड मोडलंय, कूस बदलू नको. एवढं सांगायला किती वेळ लागतो?

पहिली गोष्ट ओळख. "तुम्ही अमुक पाटील ना?" असं कधी विचारायचं नाही. गुंगीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, आणि हातावरच्या पट्ट्यावरचं नाव नि नंबर फाईलशी ताडून बघायचा. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन जण असणं आपल्याकडे नवल नाही. पेशंट बोलत नसेल तर सिस्टरला सोबत उभं करून पट्टा वाचायचा.

मग नळ्या. सलाईन कुठल्या हाताला आहे, लघवीची पिशवी कुठे अडकवलीय, जखमेतलं पाणी काढणारी नळी (ड्रेन) आहे का. लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून निघणारे मी अजून बघतो. असं केलं की पिशवीतली लघवी नळीतून उलटी आत जाते आणि इन्फेक्शनचं निमित्त होतं. पिशवी कायम कमरेच्या खाली. छातीतल्या नळीची बाटली असेल तर तिला आणखी जपायचं : छातीपेक्षा खाली, उभी, आडवी होऊ द्यायची नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वाटेत नळीला चिमटा लावायचा नाही.

बेडवरून ट्रॉलीवर घेणं हा सगळ्यांत नाजूक भाग. समजा, खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्या आजी आहेत. ट्रॉली बेडला चिकटवून लावली, दोन्हींचे ब्रेक दाबले, ट्रॉली किंचित खाली घेतली. सलाईनची बाटली आधी पलीकडच्या स्टँडवर नेली, लघवीची पिशवी सोडवून घेतली. अंगाखालच्या चादरीच्या कडा दोन्ही बाजूंनी गुंडाळून मुठीत धरल्या. एक जण डोक्याशी, एक जण दुखऱ्या पायाशी, दोघं बाजूला. आता आजींचा हात बघा. तो हमखास बेडच्या कठड्याला घट्ट धरलेला असतो. तो तसाच राहिला आणि आपण ओढलं, तर अंग इकडे आणि हात तिकडे. म्हणून आधी तो हात सोडवून छातीवर घ्यायचा, "आजी, हात इथे ठेवा, आम्ही धरलंय तुम्हाला" असं सांगायचं, आणि मग ज्याच्या हातात डोकं आहे त्यानेच एक-दोन-तीन म्हणायचं. दुसऱ्या कुणी नाही. तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं.

उतारावर डोकं नेहमी वरच्या बाजूला. म्हणजे रॅम्प उतरताना पाय पुढे, चढताना डोकं पुढे. लिफ्टच्या उंबऱ्याला जो दणका बसतो तो धडधाकट माणसाला जाणवतही नाही, पण मोडलेल्या हाडाला तो थेट पोचतो. तिथे ट्रॉली सावकाश, एकेक चाक करून घ्यायची आणि "आता धक्का बसेल हं" असं आधी सांगायचं. उताण्या झोपलेल्या माणसाला छत आणि वाकून बघणारे चेहरे यापलीकडे काही दिसत नसतं. कुठे चाललोय, किती वेळ लागेल, हे बोलत राहिलं की त्याच्या श्वासाची धाप कमी होते, हे मी रोज बघतो.

आणि चादर. ओटीच्या गाउनमध्ये माणूस उघडा पडतो. कॉरिडॉरमध्ये नातेवाईक, औषध कंपन्यांचे एमआर, भाजीचा डबा घेऊन आलेले लोक, सगळे असतात. निघण्याआधी पायापासून गळ्यापर्यंत नीट पांघरायचं. हे कुणी शिकवत नाही, पण पेशंट ते विसरत नाहीत.

पेशंट विचारतात, "दादा, रिपोर्टमध्ये काय निघालं?" कानावर आलेलं असलं तरी सांगायचं नाही. "डॉक्टर सांगतील, मी त्यांना तुमचा निरोप देतो" एवढंच. आणि निरोप खरंच द्यायचा.

पगार, एजन्सी, पाठदुखी यावर पुढे बोलू. आधी तुमचं येऊ द्या.

आडगावची_सिस्टर

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही. मी आयसीयूत आहे, म्हणून सिस्टरांच्या बाजूने बोलते. तुम्ही म्हणता ती दोन वाक्यं सांगणं हे आमचं कामच आहे. घाईत आम्ही फाईल ट्रॉलीवर ठेवतो आणि "न्या" म्हणतो, हे खरं आहे आणि ते चूक आहे.

एक भर घालते. व्हेंटिलेटरवरचा, बीपीच्या इंजेक्शनवर चालू असलेला किंवा शुद्धीत नसलेला पेशंट एकट्या शिफ्टिंगवाल्याने न्यायचाच नाही. सोबत डॉक्टर किंवा सिस्टर, मॉनिटर, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), इमर्जन्सीची औषधं हवीत. कुणी "तूच घेऊन जा" म्हणालं तर सरळ नाही म्हणा आणि इन्चार्जला फोन लावा. मला असं नाही म्हणणारी माणसं जास्त भरवशाची वाटतात.

दुसरं, ऑक्सिजन. ट्रॉलीखाली जो बी टाइप सिलेंडर असतो, काळ्या अंगाचा नि पांढऱ्या खांद्याचा, तो पूर्ण भरलेला असला तर त्यात साधारण १,५०० लिटर वायू असतो आणि गेजचा काटा १५० च्या आसपास असतो. काटा ५० वर असेल तर उरले ५०० लिटर. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर कागदावर ५० मिनिटं. मी त्यातले निम्मेच धरते, कारण लिफ्ट अडकते, सीटीला आधीचा पेशंट लांबतो. निघताना काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, "भरलेला आहे" या शब्दावर जाऊ नका. किल्ली सिलेंडरला बांधलेली आहे का तेही बघा. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजन कमी पडला आणि वीसहून जास्त पेशंट गेले. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या नाशिकच्या कुठल्याही सिस्टरला काटा न बघता पुढे जाणं आता जमणार नाही.

मखमलाबाद

वाचनखूण साठवली. वडिलांचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात, खूप उपयोगी.

सुरगाण्याकडचा

आमच्या भागातून पेशंट नाशिकला आणायचा म्हणजे आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून १०८ ची गाडी, घाट ओलांडून दिंडोरीमार्गे शहर. तीन-चार तास सहज जातात. पेशंटसोबत आलेला माणूस तेवढ्यात अर्धा झालेला असतो. आणि मग एका हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) आम्हाला सांगितलं, स्ट्रेचर तिथं कोपऱ्यात हाय, तुम्हीच घ्या नि एक्स-रेला न्या. चुलत्याची मांडी मोडलेली. आम्ही शेतकरी माणसं, पोतं उचलायची सवय, तसंच दोघांनी काखेत धरून उचललं. त्याच्या ओरडण्यानं मजला हादरला. एक्स-रे कुठं ते पण माहीत नाही, बोर्ड वाचत फिरलो. एका चाकाला ब्रेक नव्हता ते उतारावर कळलं.

पण त्याच ठिकाणी रात्रपाळीला जे मामा होते त्यांनी चुलत्याच्या पायाखाली घडी घातलेलं ब्लँकेट लावलं, दोन्हीकडून उशा दाबल्या आणि ओटीपर्यंत "झालंच आता काका" म्हणत नेलं. त्यांनी आम्हाला दाखवलं की मोडलेला पाय वरून आणि खालून दोन जागी आधार देऊन धरायचा असतो. आधी कुणी हे दाखवलं असतं तर तो त्रास झालाच नसता. माणसं कमी हायत ते कळतं. पण नातेवाइकाला स्ट्रेचर द्यायचंच असेल तर एक माणूस सोबत तरी द्या.

मुंबईनाका

@सुरगाण्याकडचा, वाचून वाईट वाटलं दादा. नातेवाइकाने हात लावू नये असं माझं मत नाही. उलट घरचा माणूस उशाशी चालला तर पेशंट शांत राहतो. पण ट्रॉलीचा ताबा आणि पेशंट उचलणं हे शिकलेल्याच माणसाचं काम. जिथे एका पाळीला तीन मजल्यांना मिळून दोन माणसं ठेवतात तिथे हे होणारच, आणि त्याची किंमत तुमच्या चुलत्यांसारखे लोक देतात. पुढे कधी अशी वेळ आलीच तर कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला "फ्रॅक्चर आहे, आम्हाला हलवता येत नाही" असं स्पष्ट सांगा आणि माणूस येईपर्यंत पेशंटला आहे तिथेच राहू द्या.

इंदिरानगर

सगळं पटलं, पण एका गोष्टीवर कुणी बोलत नाही. बहिणीची डिलिव्हरी झाली तेव्हा लेबर रूममधून वॉर्डात आणेपर्यंत तीन जणांनी पेढ्यांचे पैसे मागितले. डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअर गाडीपर्यंत आणली आणि तिथे हात पुढे. मुलगा झाला म्हणून जास्त द्या, असंही एक जण म्हणाला. मुलगी झालेल्यांना काय ऐकावं लागत असेल देव जाणे. हे बंद व्हायला नको का?

मुंबईनाका

बंद व्हायलाच हवं. पेशंट गाडीत बसवताना हात पुढे करणं म्हणजे अडलेल्या माणसाला नाडणं. मी स्वतः घेत नाही आणि नव्या पोरांनाही पहिल्या दिवशी हेच सांगतो. कुणी आपणहून पेढा दिला तर खातो.

पण एजन्सीचा पगार जिथे दोन-दोन महिने थकतो, रजेचा दिवस कापला जातो, तिथे ही सवय लागते. म्हणून तक्रार करताना दोन्ही गोष्टी लिहा : अमुक दिवशी पैसे मागितले, आणि या लोकांचा पगार वेळेवर होतो का ते व्यवस्थापनाने बघावं.

पंचवटीची_लेक

माझी आई एका हॉस्पिटलात मावशी (आया) आहे. धाग्यात सगळे मामा आणि ब्रदर यांच्याबद्दल बोलतायत, म्हणून लिहिते. बायका पेशंटला नेताना बाईच हवी, निदान सोबत तरी. कॅथेटर असलेली, नुकतीच बाळंत झालेली, रक्तासाठी घडी (पॅड) लावलेली बाई दोन पुरुषांबरोबर लिफ्टमध्ये जाते तेव्हा तिला काय वाटतं हे आईला न सांगता कळतं. आई आधी चादर नीट करते, केस बांधून देते, मगच ट्रॉली हलते. नथ, मंगळसूत्र, बांगड्या ओटीला जाण्याआधी काढताना ती दोन नातेवाइकांसमोर काढते, सिस्टरकडून फाईलवर लिहून घेते आणि घेणाऱ्याची सही घेते. कित्येक बायका मंगळसूत्र काढायला घाबरतात. आई त्यांच्याशी भांडत नाही. नवऱ्याच्याच हातात ठेवायला सांगते, आणि त्या तयार होतात.

पण पगार बघायला गेलं तर त्याच पाळीतल्या मामांपेक्षा तिला कमी. का, तर "तिचं काम हलकं." ऐंशी किलोच्या पेशंटची कूस बदलायला तीच असते. समान कामाला समान मोबदला हा नियम १९७६ पासून कायद्यात आहे. आईला तो माहीत नव्हता, मी वाचून सांगितला.

आडगावची_सिस्टर

@पंचवटीची_लेक, आईंना माझा नमस्कार सांगा. लेबर रूम मावशींवर चालते.

काचेपलीकडून

मी एमआरआय टेक्निशियन आहे. शिफ्टिंगच्या प्रत्येक माणसाला एक गोष्ट पाठच असली पाहिजे : एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतं. रात्री, सुट्टीच्या दिवशी, खोलीत कुणी नसताना, कायम. बाहेरून यंत्र शांत दिसतं म्हणून लोक फसतात. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलेंडर हातात धरून आत गेला. यंत्राने त्याला सिलेंडरसकट खेचलं आणि त्यात तो तरुण गेला. त्यामुळे लोखंडी सिलेंडर, साधी ट्रॉली, साधी व्हीलचेअर, सलाईनचा स्टँड यातलं काहीही आमच्या दारापलीकडे येऊ देणार नाही. आमच्याकडे चुंबकाला न चिकटणारी वेगळी ट्रॉली असते, पेशंट बाहेरच तिच्यावर घ्यायचा. दार उघडं दिसलं तरी आत शिरायचं नाही, आम्ही बोलावू.

खिसे रिकामे करायचे : किल्ल्या, चिल्लर, मोबाइल, कात्री, पेन, पट्टा. पेशंटच्या केसातल्या पिना, जोडवी, कानातलं मशीन. गंडा-ताईत असला तर त्यात काय धातू आहे ते कुणालाच माहीत नसतं, तो नातेवाइकाने स्वतःच्या हाताने सोडवून जवळ ठेवावा. आणि पेसमेकर, मेंदूतली क्लिप, जुन्या अपघातात शिरलेला लोखंडाचा कण यांबद्दल वॉर्डातच विचारून यावं. सातपूर-अंबडला लेथवर, ग्राइंडरवर काम केलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. डोळ्यात कधी कण गेला होता का, हा प्रश्न त्यांना मी दोनदा विचारतो.

फिजिओ_कॉलेजरोड

शिफ्टिंगची बरीच मुलं पाठदुखी घेऊन माझ्याकडे येतात, आणि येतात ती कळ पायात उतरल्यावर. म्हणून थोडं.

बेडची उंची आपल्या कमरेइतकी करून घ्या, त्याला दोन सेकंद लागतात. कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. पाय पसरून एक पुढे, एक मागे. वजन हातात असताना धड पिळू नका, पावलं फिरवा. पेशंटला तुमच्या गळ्याला मिठी मारू देऊ नका. तो घसरला तर त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर येतं. त्याऐवजी त्याला खुर्चीच्या हातांचा आधार घ्यायला सांगा. जड पेशंटसाठी सरकवायची प्लास्टिकची पाटी किंवा शीट मागा, हट्टाने मागा. कामावर चप्पल नको, मागून बंद, न घसरणारे बूट हवेत.

पॅरालिसिसच्या पेशंटबद्दल मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निखळतो, आणि मग महिनोन्महिने तो खांदा दुखतो. व्हीलचेअर त्याच्या चांगल्या बाजूला लावा म्हणजे तो त्या पायावर भार घेऊन वळू शकेल. ब्रेक आधी लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडा. या पट्ट्यांना अडखळून पडलेले पेशंट मी पाहिलेत. तीव्र उतारावर व्हीलचेअर उलटी, म्हणजे आपण पुढे नि पेशंटची पाठ उताराकडे अशी उतरवा, नाहीतर माणूस पुढे घरंगळतो.

गोदाघाट

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ओटीच्या दारात शिफ्टिंगचा मुलगा थांबला आणि म्हणाला, "मावशी, बाहेर येताना पण मीच असेन." तो खरंच होता. इतकंच सांगायचं होतं.

सिन्नरकर

धागा वाचून हिंमत झाली म्हणून विचारतो. मी बारावी आहे, मुसळगावला कंपनीत होतो, काम सुटलं. नाशिकच्या एका हॉस्पिटलात एजन्सीमार्फत शिफ्टिंगची जागा आहे असा फोन आलाय. एजन्सीवाला युनिफॉर्म आणि डिपॉझिट म्हणून आधी पैसे भरा म्हणतोय. भरू का? कोर्स करावा लागतो का? आणि खरं सांगायचं तर रक्ताची, मेलेल्या माणसाची भीती वाटते. ती जाते का?

मुंबईनाका

पैसे भरू नका. नोकरीसाठी उलट पैसे मागणारा माणूस पगाराच्या वेळीही असाच वागतो. सरळ हॉस्पिटलच्या एचआरमध्ये जाऊन विचारा की ही एजन्सी तुमची आहे का.

कोर्सची सक्ती बहुतेक खासगी ठिकाणी नाही, पण जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स कौशल्य विकास योजनेतून होतो, तो केलात तर हात धुण्यापासून पेशंट हलवण्यापर्यंतचं सगळं हाताखालून जातं. जिथे लागाल तिथे पहिले काही दिवस जुन्या माणसाबरोबरच ठेवा असं सांगा.

कामावर जाण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हॉस्पिटलने ती द्यायला हवी, मागून घ्या. चादरीत कुणाची तरी सुई राहिलेली असते. ती टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची किंवा चोखायची नाही आणि तिथल्या तिथे कळवायचं. एचआयव्हीपासून बचावाचं औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, आणि पहिल्या दोन तासांत झालं तर उत्तम. "इन्चार्ज ओरडेल" म्हणून घरी जाऊ नका.

भीतीचं. रक्ताची सवय लवकर होते. मृतदेहाची सवय होते असं मी म्हणणार नाही, होऊही नये. सिस्टर नळ्या काढून, अंग पुसून, कागद पूर्ण करून देतात. मग पायाच्या अंगठ्याचा टॅग आणि फाईल आपण स्वतः ताडून बघायची, कारण इथली चूक घरच्यांना जन्मभर पुरते. चेहऱ्यावर चादर घेण्याआधी घरच्यांना विचारायचं, "अजून कुणाला बघायचंय का?" घाई करायची नाही. मागची लिफ्ट घ्यायची, वाटेत गप्पा मारायच्या नाहीत, मोबाइल खिशात. कोरोनात सुरुवातीला घरच्यांना जवळ येता येत नव्हतं. त्या वेळी शवागारापर्यंत सोबत जायला शिफ्टिंगचीच माणसं होती. माझ्या बरोबरच्या एकाने तेव्हा प्रत्येकाला हात जोडूनच निरोप दिला. आम्ही त्याचं बघून तेच करू लागलो, अजून करतो.

सातपूरकर

@सिन्नरकर, मी कंपनीत पगाराचा विभाग सांभाळला आहे, कागदांचं मी सांगतो.

नेमणुकीचं पत्र घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. पगार बँकेतच. पीएफ कापला तर मूळ वेतनाच्या १२ टक्के तुमचे कापले जातात आणि मालकाचाही हिस्सा जमा व्हावा लागतो. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मागा आणि मोबाइलवर पासबुक दर महिन्याला बघा, कारण चिठ्ठीवर कापलेला पीएफ खात्यात पोचतोच असं नाही. मासिक पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा) लागू होतो : तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्यात घरच्यांचेही उपचार होतात. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहेच. कामावर पाठ दुखावली, सुई टोचली, तर त्याची लेखी नोंद करून घ्या, पुढचे हक्क त्या नोंदीवर ठरतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा : ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तुम्ही प्रत्यक्ष काम करता त्या मूळ आस्थापनेवर येते. "आमचा संबंध नाही, एजन्सीला विचारा" हे उत्तर कायद्यात बसत नाही. हजेरीचे फोटो, मेसेज, ड्युटीचा तक्ता जपून ठेवा. एकट्याने न जाता चार-पाच जणांनी मिळून कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पंचवटीची_लेक

सातपूरकर काका, समान वेतनासाठी पण हाच अर्ज चालेल का? आईबरोबर अजून तिघी मावशी आहेत.

सातपूरकर

चालेल. चौघींच्या आणि त्याच पाळीतल्या मामांच्या पगारचिठ्ठ्या आणि ड्युटीचे तक्ते जोडा. अर्जात "हलकं काम" या म्हणण्याला उत्तर म्हणून एका पाळीत प्रत्यक्ष काय काय केलं ते ओळीने लिहा. व्यक्तिगत निरोप पाठवतो, मसुदा मी करून देतो.

सिन्नरकर

सगळ्यांचे आभार. एजन्सीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मुंबईनाका दादा, तुमच्याकडे थेट भरती असते का? नसली तरी चालेल, पण एखाद्या ठिकाणी विचारायला गेलो तर काय घेऊन जाऊ?

मुंबईनाका

थेट भरती अधूनमधून निघते, निघाली की इथेच टाकतो. तोवर द्वारका, मुंबई नाका, आडगाव या पट्ट्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत स्वतः फिरा. सकाळी अकराच्या पुढे जा, त्याआधी राउंड आणि ओटीच्या गडबडीत कुणी बोलायला मोकळं नसतं. सिंहस्थ जवळ आलाय, माणसांची मागणी वाढणार आहे.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, पॅन, बँक पासबुकची प्रत, दोन फोटो, आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र आणि असलाच तर जुना यूएएन न्या. नखं कापून जा. मुलाखतीत ते विचारतील, रात्रपाळी चालेल का. तेव्हा तुम्हीही विचारा : रात्री किती मजल्यांना किती माणसं असतात, लस कोण देणार, आणि पहिले किती दिवस जुन्या माणसाबरोबर ठेवणार. सिन्नरहून रोज येणार असाल तर शेवटची बस आणि पाळी सुटायची वेळ यांचा मेळ आधी बघा. दुपारपाळी सुटायला उशीर झाला तर नाशिकरोडला अडकाल. त्या रात्री कुठे थांबायचं ते ठरवूनच हो म्हणा.